पहिला डीएसएलआर घेतलात, आता लेन्स कोणती? दुकानात जाण्याआधी स्वतःचे फोटो तपासा

घरात पहिला डीएसएलआर कॅमेरा येतो. आठवडाभर झाडं, मांजर, गच्चीवरचा सूर्यास्त सगळं टिपून होतं आणि मग एक प्रश्न हमखास येतो: आता पुढची लेन्स कोणती घेऊ? कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे अनेक जण आपले जुने डीएसएलआर विकतात आणि नवशिक्यांच्या हाती चांगले कॅमेरे कमी पैशात येतात. लेन्सचा प्रश्न मात्र जिथल्या तिथेच राहतो.

हा प्रश्न मी स्वतः एकदा चुकीच्या पद्धतीने सोडवला आहे. पहिल्या नोकरीच्या पगारातून ७०-३०० एमएमची झूम लेन्स घेतली. कारण एवढंच की, बजेटमध्ये बसणाऱ्या लेन्समध्ये तिचा आकडा सर्वांत मोठा होता. महिनाभरात आजीची पंचाहत्तरी आली. कार्यक्रम घरातच, ट्यूबलाइटच्या उजेडात. औक्षणाचे, केक कापतानाचे शेकडो फोटो काढले आणि बहुतेक सगळे हललेले आले. आज आजी नाही. घरात तिचा जो फोटो लावला आहे, तो मावसभावाने मोबाइलवर काढलेला आहे.

लेन्स खराब नव्हती. त्या खोलीसाठी, त्या उजेडासाठी ती चुकीची होती. तुमची अशी गफलत होऊ नये म्हणून काही गोष्टी समजून घेऊ.

लेन्सवरचे आकडे काय सांगतात?

लेन्सवर दोन महत्त्वाचे आकडे असतात. पहिला एमएममध्ये असतो, म्हणजे फोकल लेंग्थ. आकडा लहान तर चौकटीत जास्त भाग मावतो, आकडा मोठा तर दूरची वस्तू जवळ दिसते. १८-५५ असे दोन आकडे असतील तर ती झूम लेन्स. ३५ किंवा ५० असा एकच आकडा असेल तर ती प्राइम लेन्स. तिच्यात झूम नसते, पुढे-मागे आपणच व्हायचं.

दुसरा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्सचं 'भोक' जास्तीत जास्त किती उघडू शकतं त्याचा. इथे गणित उलटं आहे. आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० एमएमची स्वस्त प्राइम एफ/१.८ पर्यंत उघडते. उजेड या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५.६ ला १.८ ने भागून आलेल्या उत्तराचा वर्ग केला की साधारण ९.७ येतात. म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली ही प्राइम जवळपास दहापट उजेड आत घेते.

याचा उपयोग शटर स्पीडला होतो. समजा घरात आयएसओ १६०० ठेवून किट लेन्सवर १/२५ सेकंद शटर मिळतो. तेवढ्या वेळात ताम्हन ओवाळणारा हात हलतो आणि फोटोत पट्टा उमटतो. एफ/१.८ वर तोच शटर १/२५० सेकंदाच्या आसपास जातो आणि हात गोठल्यासारखा स्वच्छ येतो.

मग किट लेन्स टाकाऊ असते का?

अजिबात नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ एमएम लेन्स दिवसाउजेडी उत्तम काम करते. ट्रेकला, गडावर, कासच्या पठारावर, घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला १८ एमएमची बाजू लागतेच. म्हणून बॉडी आणि किट एकत्र मिळत असेल तर किट सोडून देऊ नका. नवशिक्याची पहिली लेन्स तीच असावी. 'पहिली लेन्स कोणती' याचा खरा अर्थ 'स्वतः पैसे मोजून घ्यायची पहिली लेन्स कोणती' असा आहे.

खरेदीआधी कोणती तपासणी करायची?

किमान महिनाभर किट लेन्स वापरा आणि मग तुमचे शेवटचे दोनेकशे फोटो मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती एमएमवर, किती अपर्चरला, किती शटर स्पीडला काढला ते नोंदलेलं असतं. गूगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की हे आकडे दिसतात. आता फसलेले फोटो वेगळे काढा आणि ते का फसले ते बघा.

• मागची भिंत स्पष्ट, पण माणूस पुसट: माणूस हलला, शटर हळू होता. जास्त उजेड घेणारी लेन्स हवी, म्हणजे एफ/१.८ प्राइम.

• सगळंच पुसट: तुमचा हात हलला. आधी आयएसओ वाढवून बघा. बरेच नवशिके १६०० किंवा ३२०० ला उगाच घाबरतात. थोडे दाणे दिसणारा फोटो हललेल्या फोटोपेक्षा कधीही बरा.

• चेहरा पुसट, कान किंवा मागची कुंडी स्पष्ट: फोकस चुकला. यावर नवी लेन्स हा उपाय नाही. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवायची सवय लावा.

• बहुतेक फोटो ५५ एमएमवर आणि तरी कापून मोठे करावे लागले: दूरची लेन्स हवी, म्हणजे टेली झूम.

• बहुतेक फोटो १८ एमएमवर आणि तरी मागे सरकायला जागा कमी पडली: वाइड लेन्स हवी.

बऱ्याच घरांत मुलं, सण, वाढदिवस, घरातली कार्यं हेच सर्वांत जास्त टिपलं जातं. त्यामुळे या तपासणीत अनेकांचं उत्तर पहिलंच निघतं.

प्राइम घ्यायची, पण ३५ की ५०?

'५० एमएम एफ/१.८ डोळे झाकून घे' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धा बरोबर आहे. नवशिक्यांच्या डीएसएलआरमधला सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो. निकॉनमध्ये दीडपट, कॅननमध्ये १.६ पट फरक पडतो. त्यामुळे अशा कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स फुल फ्रेमच्या ७५ ते ८० एमएमसारखी 'जवळ' दिसते.

घरातल्या हिशेबात सांगायचं तर, तुम्ही तीन मीटर म्हणजे साधारण दहा फुटांवर उभे आहात. कॅमेरा आडवा धरला तर १८ एमएमवर पावणेचार मीटरच्या आसपास रुंदी मावते. ३५ एमएमवर दोन मीटर. ५० एमएमवर जेमतेम एक मीटर ४० सेंटीमीटर. म्हणजे सोफ्यावरची दोन माणसं आली, तिसऱ्याचा खांदा कापला. कॅमेरा उभा धरला तरी उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावायला चार मीटर मागे जावं लागतं. वन बीएचकेच्या हॉलमध्ये तेवढी जागा सहसा नसते. माझ्या ७०-३०० वर तर इतक्या अंतरावरून एक मीटर रुंदीच मावत होती. अपर्चरही तोकडं होतं. दोन्ही बाजूंनी अडचण.

म्हणून खोलीत, घरच्यांचे फोटो काढायचे असतील तर ३५ सोयीची. निकॉनवाल्यांसाठी एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी हा सरळ पर्याय आहे. एकट्या माणसाचे, बाळाच्या चेहऱ्याचे, मागचं धूसर झालेले पोर्ट्रेट हवे असतील तर ५०. कॅननवाल्यांसाठी ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही छोटी, साधारण १६० ग्रॅमची लेन्स स्वस्तात मस्त आहे. कॅननला घरात रुंद हवं असेल तर २४ एमएम एफ/२.८ एसटीएम ही चपटी लेन्स बघा. तिच्यात उजेड एफ/१.८ पेक्षा कमी, पण किटच्या ५५ एमएमच्या टोकापेक्षा चौपट आहे.

ठरत नसेल तर फुकटचा प्रयोग करा. किट लेन्सची झूम रिंग ३५ वर ठेवून तिला चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तसेच फोटो काढा. पुढचा आठवडा ५० वर. कुठे भिंतीला पाठ टेकते ते आपोआप कळेल.

एक सावधगिरी. एफ/१.८ वर फोकसची जाडी फार कमी असते. ५० एमएमने दीड मीटरवरून फोटो काढला तर साधारण सहा सेंटीमीटरच स्पष्ट येतात. दोन रांगांत बसलेल्या पाहुण्यांचा फोटो एफ/१.८ वर काढला तर मागची रांग पुसट होणार. अशा वेळी थोडं मागे जाऊन अपर्चर ५.६ वर न्यायचं.

टेली झूम कधी घ्यायची?

पक्षी, मैदानावरचं क्रिकेट, जंगल सफारी यांचा नाद असेल तर जरूर. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाताना ५५ एमएम अपुरीच पडते. मात्र ही लेन्स भरपूर उन्हासाठी आहे हे लक्षात ठेवा. ३०० एमएमवर हातात धरून फोटो काढायचा तर हिशेबाने १/४५० सेकंदाच्या आसपास शटर लागतो.

घेताना हातकंप कमी करणारी सोय आहे का ते नावात तपासा. कॅननमध्ये तिला आयएस, निकॉनमध्ये व्हीआर म्हणतात. निकॉनची ७०-३०० ही लेन्स व्हीआरसह आणि व्हीआरविना अशा दोन्ही प्रकारांत आली आहे. स्वस्त दिसते म्हणून व्हीआर नसलेली उचलू नका. ही सोय फक्त तुमचा हात सांभाळते, पळणारं मूल नाही.

माझ्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स चालेल?

पैसे वाया जाण्याची मोठी जागा हीच. कॅननच्या डीएसएलआरला 'ईएफ' आणि 'ईएफ-एस' लेन्स बसतात. 'आरएफ' लेन्स मिररलेससाठी आहेत, त्या बसत नाहीत. ५० एमएम एफ/१.८ दोन्ही प्रकारांत मिळते आणि ऑनलाइन घेताना फोटोवरून फरक कळत नाही. म्हणून पूर्ण नाव वाचा.

निकॉनमध्ये डी३५००, डी५६०० यांसारख्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. तिथे मोटर लेन्समध्येच असलेली 'एएफ-एस' लेन्स हवी. ५० एमएम एफ/१.८डी ही जुनी लेन्स सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळते. ती बसते, पण या बॉडींवर ऑटोफोकस होत नाही. उलट नव्या 'एएफ-पी' लेन्स डी३१००, डी३२०० यांसारख्या जुन्या बॉडींवर ऑटोफोकस करत नाहीत. 'झेड' लेन्स डीएसएलआरला बसतच नाहीत.

सेकंडहँड घ्यावी का?

घ्यावी, पण हातात घेऊन आणि स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिथे अशी पाहणी करता येते. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला सर्वांत मोठा धोका बुरशीचा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स ठेवून द्या. काचेवरच्या एक-दोन धूलिकणांनी फोटो बिघडत नाही. फोकस जवळून दूर आणि दुरून जवळ नेऊन बघा, घरघर किंवा अडखळणं नको. नवी घेत असाल तर भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल मागा.

घेतल्यावर लेन्स चामड्याच्या पिशवीत किंवा बंद कपाटात महिनोन् महिने ठेवू नका. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पावसाळ्यात पुरतं. जेल ओलावा धरलं की बदला.

उद्या मिररलेस घेतला तर पैसे वाया?

नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अॅडॉप्टर लावून ईओएस आर मालिकेवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अॅडॉप्टरने झेड मालिकेवर चालतात. बॉडी बदलते, चांगली लेन्स सोबत राहते.

थोडक्यात काय?

किट लेन्स ठेवा, महिनाभर वापरा, फसलेले फोटो मोजा. घरातले, संध्याकाळचे, माणसांचे फोटो फसत असतील तर एफ/१.८ प्राइम घ्या. जागा कमी तर ३५, चेहरे जास्त तर ५०. पक्षी आणि मैदान असेल तरच टेली. आणि घरात एखादं कार्य ठरलं असेल तर लेन्स त्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली रात्री सराव करा. लेन्स चुकली तर ती विकून दुसरी घेता येते. कार्यक्रम पुन्हा होत नाही.