डोळ्याचा पडदा सुटल्यास: शस्त्रक्रियेचे प्रकार आणि आयुष्मान कार्डाचा उपयोग (जबलपूर)

डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, कडेला वीज चमकल्यासारखे दिसले किंवा एका बाजूने काळी सावली पुढे सरकू लागली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पडदा सुटताना डोळा दुखत नाही. त्यामुळेच अनेक जण थांबतात आणि नजर गमावतात.

पडदा सुटतो म्हणजे काय?
डोळ्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेला, प्रकाश टिपणारा पातळ थर म्हणजे पडदा किंवा दृष्टिपटल. वयानुसार डोळ्यातील जेल आकसते. त्याच्या ओढीने कधी पडद्याला छिद्र पडते, त्यातून पाणी मागे शिरते आणि पडदा भिंतीपासून सुटू लागतो. मोठा मायनस नंबर, डोळ्याला लागलेला मार किंवा पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असल्यास धोका अधिक असतो.

घाई कशासाठी?
वाचणे आणि चेहरे ओळखणे पडद्याच्या मध्यभागामुळे जमते. तो सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर नजर चांगली राहण्याची शक्यता बरीच जास्त असते. मोतीबिंदू सहसा पुढच्या शिबिरापर्यंत थांबू शकतो, सुटलेला पडदा थांबत नाही.

उपचार कोणते?
- लेझर किंवा क्रायो: केवळ छिद्र असेल आणि पडदा सुटलेला नसेल, तर छिद्राभोवतीचा भाग लेझरने किंवा गोठवून पक्का करतात. बहुधा भरती व्हावे लागत नाही.
- वायूचा बुडबुडा: छिद्र वरच्या भागात असल्यास डोळ्यात वायू सोडतात. बुडबुडा छिद्र दाबून धरतो.
- बकल: डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवून भिंत आत दाबतात. तरुण रुग्णांत ही पद्धत अनेकदा निवडतात.
- व्हिट्रेक्टॉमी: बारीक छिद्रांतून जेल काढून वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. मधुमेहामुळे ओढला गेलेला पडदाही असाच बसवतात. वायू आपोआप विरतो, तेल मात्र बहुधा काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावे लागते.

पद्धत छिद्राची जागा, संख्या आणि रुग्णाचे वय पाहून डॉक्टर ठरवतात. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते.

जबलपूरमध्ये सुरुवात कुठून करावी?
सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय (व्हिक्टोरिया) किंवा नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात जा. बाहुली मोठी करून पडदा तपासण्यास सांगा. औषधाने काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणाला तरी न्या आणि स्वतः गाडी चालवू नका.

खर्चाचे काय?
23 सप्टेंबर 2018 पासून सुरू असलेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. 70 वर्षे आणि त्यावरील नागरिकांना 29 ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही. कार्ड राज्याबाहेरही चालते, उदाहरणार्थ नागपूरच्या योजनेतील रुग्णालयात.

भरती होण्यापूर्वी आरोग्य मित्राला तीन गोष्टी विचारा:
1. या रुग्णालयात पडद्याची शस्त्रक्रिया योजनेतून होते का?
2. वायू किंवा तेलाचा खर्च पॅकेजमध्ये आहे का?
3. तेल काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मंजुरी लागेल का?

आधी पैसे भरून नंतर परत मिळतील, या भरवशावर राहू नका. अडचण आल्यास 14555 या क्रमांकावर फोन करा.

शस्त्रक्रियेनंतर
डॉक्टर सांगतील त्या स्थितीतच डोके ठेवा, अनेकदा खाली मान घालून राहावे लागते. डोळ्यात वायू असेपर्यंत विमानप्रवास करू नका. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातील दाब वाढतो, म्हणून पचमढीसारख्या ठिकाणी जाण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या कारणासाठी भूल द्यायची वेळ आली, तर डोळ्यात वायू असल्याचे भूलतज्ज्ञांना आधी सांगा.