दात सरळ करायचेत? हप्ता भरण्याआधी हे वाचा

मोबाईलवर जाहिरात येते. तार नको, कुणाला दिसणारही नाही, काही महिन्यांत दात सरळ, पैसे हप्त्याने. कॉलेजात जाणारी लेक म्हणते, "आई, हे घेऊ या ना. हसताना तोंडावर हात धरावा लागतो." लेकीचे दुःख आईला कळते, पण महिन्याचा हिशेबही तिलाच करावा लागतो. म्हणून आम्ही या अंकात याच प्रश्नाकडे वळलो आहोत. या पारदर्शक साच्यांनी, म्हणजे अलाइनरने, दात खरेच सरळ होतात का?

होतात. पण सगळ्यांचे नाही, आणि जाहिरातीत दाखवतात तितके नाही.

आधी ते काम कसे करतात ते पाहू. दात हाडात रोवलेला असतो. त्यावर हलका पण सतत दाब राहिला, की एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे भरते. दात हळूहळू सरकतो. तार हेच करते आणि साचाही हेच करतो. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. मग एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा. अमेरिकेत १९९७ साली सुरू झालेल्या एका कंपनीने अशा साच्यांची मालिका संगणकावर आखून बनवायला सुरुवात केली आणि पुढे ती जगभर पसरली.

पुढच्या दातांत थोडी फट असेल, किंवा थोडी दाटी होऊन दात किंचित वाकडे आले असतील, तर साचे चांगले काम करतात. जेवताना काढता येतात, दात नीट घासता येतात, हाही फायदा. पण फिरलेला सुळा किंवा फिरलेली लहान दाढ सरळ करणे, वर राहिलेला दात खाली ओढणे, दात काढून मोठी जागा भरणे, ही कामे साच्यांना जड जातात. तिथे तारच जास्त भरवशाची.

संगणकाच्या पडद्यावर दाखवलेले सरळ दात म्हणजे हमी नव्हे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ साली पुढच्या दातांची मोजणी केली. ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात झाली होती. २०२० साली सुधारित साच्यांवर पुन्हा मोजणी झाली, तेव्हा आकडा ५० टक्क्यांवर आला. म्हणून पहिली मालिका संपल्यावर पुष्कळांना जादा साचे लागतात. त्यांचे पैसे वेगळे पडणार का, हे आधीच विचारा.

दुसरी अट वेळेची. साचा दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा. चहाला काढला आणि ओट्यावर विसरला, तर दात तिथेच थांबतो. साचा घालून गरम चहा पिऊ नका, त्याने साचा वाकतो आणि डागही पडतात. दात सरळ झाल्यावरही रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, लावावाच लागतो. नाही तर दात पुन्हा जुन्या जागी जाऊ लागतात.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे डॉक्टरने तोंड न पाहता, एक्स-रे न काढता घरपोच आलेले साचे. हिरड्यांतून रक्त येत असेल, पू असेल, मशेरी-तंबाखूने हिरड्या सुटल्या असतील, तर आधी त्यांवर उपचार हवेत. आजारी हिरडीतला दात सरकवला तर तो हलू लागतो, पडूही शकतो. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच साचे देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले, पण हप्ते मात्र भरत राहा असे त्यांना सांगण्यात आले.

म्हणून आमचे सांगणे असे. पैसे देण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करण्याचे खास शिक्षण घेतलेल्या दंतवैद्याला, दात दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी खर्च येतो. फेऱ्या जास्त होतील, रांग असेल, पण तपासणी पूर्ण होते.

तिथे चार प्रश्न विचारा. माझ्या दातांना साचा चालेल की तारच हवी? एकूण खर्च किती, जादा साचे आणि रिटेनर धरून? दर महिन्याला तपासणार कोण? मध्येच अडचण आली तर जायचे कुणाकडे?

लेकीची हौस खोटी नाही. मोकळेपणाने हसता यावे असे कुणाला वाटत नाही? तार दिसते म्हणून लाजू नये. वर्ष-दोन वर्षांत ती निघते आणि दात जागेवर येतात. चुकीच्या साच्याचा हप्ता मात्र दात वाकडे राहिले तरी भरावाच लागतो.