तेरा टॅलंटचा घोडा

इ.स.पू. ३४४च्या सुमारास थेसलीचा फिलोनायकस नावाचा व्यापारी मॅसिडोनियाच्या फिलिप राजाकडे एक घोडा घेऊन आला आणि त्याने किंमत सांगितली तेरा टॅलंट. एक टॅलंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. एका जनावरापायी जवळजवळ ३४० किलो चांदी मोजायची! ड्रॅकमांत हा आकडा ७८,००० होतो. त्याच्या ऐंशी वर्षं आधी लिहिलेल्या अ‍ॅरिस्टोफेनीसच्या 'मेघ' या नाटकात पोराच्या घोडेवेडापायी एक बाप कर्जात बुडतो. त्यातला जातिवंत घोडा १,२०० ड्रॅकमांचा आहे. म्हणजे तेरा टॅलंटमध्ये तसे ६५ घोडे आले असते. रोमन लेखक प्लिनी तर किंमत सोळा टॅलंट सांगतो. आकड्यावर एकमत नसलं, तरी घोडा अतोनात महाग होता यावर सगळे ठाम आहेत.

थेसलीच्या सपाट, गवताळ प्रदेशातल्या घोड्यांना ग्रीक जगात तोड नव्हती. तिथले पागेवाले आपापल्या घोड्यांवर डाग देत, आणि त्या डागावरून घोड्याची जात ओळखली जाई. फिलिपपुढे आणलेल्या या घोड्याचं नाव ब्युसेफॅलस, म्हणजे 'बैलाच्या डोक्याचा'. हे नाव बहुधा अशाच डागावरून पडलं असावं. इतिहासकार एरियन याची आणखी एक हकिगत नोंदवतो: घोडा काळा होता आणि त्याच्या कपाळावर बैलाच्या डोक्यासारखी पांढरी खूण होती.

पुढचा प्रसंग प्लुटार्कने सिकंदराच्या चरित्रात रंगवला आहे. घोडा कुणालाच जवळ येऊ देईना. राजाची माणसं पुढे झाली की तो दोन पायांवर उभा राही. फिलिपने वैतागून त्याला परत न्यायला सांगितलं. तेव्हा त्याचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा सिकंदर म्हणाला, की हाताळता येत नाही म्हणून हे लोक एवढा चांगला घोडा घालवताहेत. बापाशी पैज लागली. हरला तर घोड्याची किंमत मुलाने भरायची.

सिकंदराने एक गोष्ट हेरली होती. घोडा माणसांना बुजत नव्हता, जमिनीवर हलणाऱ्या स्वतःच्याच सावलीला बुजत होता. त्याने लगाम धरून घोड्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, म्हणजे सावली मागे पडली. मग त्याला थोपटत तो थोडं अंतर त्याच्याबरोबर चालला, अंगावरचा झगा हळूच खाली टाकला आणि उडी मारून मांड ठोकली. न मारता, न हिसकता लगाम सांभाळला. घोड्याची भीती गेली आणि तो पळायला उतावीळ झाला, तेव्हाच त्याला भरधाव सोडलं. पोरगा परत आल्यावर फिलिपच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने मुलाला सांगितलं, की मॅसिडोनिया तुला पुरायचा नाही, तुझ्या तोलाचं राज्य शोध.

हे सगळं असंच घडलं का? प्लुटार्कने ते लिहिलं चार शतकांहून अधिक काळानंतर. शिवाय वयाचा हिशोब जुळत नाही. घोडा तीस वर्षांचा होऊन इ.स.पू. ३२६मध्ये मेला, असं जुने लेखक सांगतात. तसं धरलं तर त्या सौद्याच्या दिवशी तो अकरा-बारा वर्षांचा होता, आणि त्या वयाच्या, मांड न घेतलेल्या घोड्याला विक्रमी किंमत मागणारा व्यापारी खुळाच म्हणावा लागेल. वय तरी फुगवलं असावं, नाहीतर प्रसंग तरी.

पण प्रसंगातली घोड्याची जाण खोटी नाही. त्याच शतकात अथेन्सच्या झेनोफनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. पूर्ण स्वरूपात हाती आलेल्या या विषयावरच्या सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. घोड्याजवळ रागाने कधी जाऊ नये. तो ज्याला बुजतो त्या वस्तूजवळ त्याला हळुवारपणे न्यावं. मारून नेलं तर भीती दुणावते, कारण मार त्या वस्तूमुळेच बसला असं त्याला वाटतं, असं झेनोफन बजावतो. सिकंदराची गोष्ट म्हणजे याच शिकवणीचं नाट्यरूप. आजचे चाबुकस्वारही बुजऱ्या घोड्याचा राग न करता आधी भीतीचं कारण शोधतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला भोवतालचं जवळजवळ सगळं दिसतं. त्यामुळे जमिनीवरच्या किंचितशा हालचालीनेही तो दचकतो.

रणांगणावर या घोड्याकडून जे काम घेतलं गेलं, त्याची कल्पना आज करणं कठीण आहे. रिकिबी तेव्हा माहीत नव्हत्या. लाकडी चौकटीचं खोगीरही नव्हतं. मॅसिडोनियाचा स्वार पाठीवरच्या कापडावर किंवा उघड्या पाठीवर बसून, केवळ मांड्यांच्या पकडीवर, हातात लांब भाला घेऊन शत्रूवर तुटून पडे. घोडदळ पाचरीच्या आकारात उभं राही आणि पाचरीच्या टोकाला खुद्द राजा असे. अशा ठिकाणी बुजणारा घोडा म्हणजे स्वाराचं मरणच. इ.स.पू. ३३१मध्ये गॉगामेलाच्या लढाईआधी सिकंदर सैन्याची पाहणी करत दुसऱ्या घोड्यावर फिरला, कारण ब्युसेफॅलसचं वय झालं होतं. प्रत्यक्ष चढाईच्या वेळी मात्र त्याने तोच मागवला.

कास्पियन समुद्राच्या दक्षिणेला टोळीवाल्यांनी हा घोडा पळवला, तेव्हा सिकंदराने निरोप धाडला: घोडा परत करा, नाहीतर बायकापोरांसह सगळ्यांची कत्तल करीन. घोडा आला, तेव्हा त्याने चोरांनाच बक्षीस दिलं. घोडेप्रेमाची कथा म्हणून हे सांगतात, पण एका जनावरासाठी अख्खी टोळी कापायची धमकी देणारा राजाही त्यातूनच दिसतो.

शेवट भारतात झाला. इ.स.पू. ३२६च्या पावसाळ्यात झेलम नदीच्या पलीकडे पोरस राजा हत्ती घेऊन उभा होता. हत्ती दिसले की घोडे बिथरतील आणि तराफ्यांवरून पाण्यात उड्या घेतील, म्हणून सिकंदराने वादळी रात्री दूरवरून नदी ओलांडली. लढाईतही घोडदळ हत्तींच्या थेट समोर न नेता बगलेवर फिरवलं. ब्युसेफॅलस त्या दिवसांतच गेला. काहींच्या मते पोरसच्या मुलाशी झालेल्या चकमकीत जखमी होऊन. एरियनच्या मते उष्मा आणि म्हातारपणाने. सिकंदराने झेलमकाठी दोन शहरं वसवली. विजयाचं नाव दिलेलं निकाया आणि घोड्याचं नाव दिलेलं ब्युसेफाला. आज पाकिस्तानात जलालपूर शरीफ आणि झेलम शहर या दोन्ही ठिकाणांकडे बोट दाखवलं जातं, पण उत्खननाने कोणताही दावा सिद्ध झालेला नाही.

मेल्यानंतर या घोड्याला वंशज फुटू लागले. तेराव्या शतकात मार्को पोलोने बदख्शानमध्ये ऐकलं, की तिथे पूर्वी कपाळावर खूण घेऊन जन्मणारे, ब्युसेफॅलसच्या रक्ताचे घोडे होते. ते राजाच्या एका काकाकडेच होते. त्याने राजाला द्यायचं नाकारलं म्हणून तो मारला गेला आणि त्याच्या विधवेने रागाने सगळा वंश संपवला. तुर्कमेनिस्तानच्या सोनेरी झळाळीच्या अखल-टेके घोड्यांचे अभिमानीही ब्युसेफॅलसला आपल्यातला म्हणतात. पण थेसलीच्या व्यापाऱ्याने तो फिलिपकडे आणला, तेव्हा मॅसिडोनियाचं सैन्य मध्य आशियाच्या जवळपासही नव्हतं. रक्ताचा वारसा खरोखर मागे ठेवणारा रणातला घोडा हवा असेल, तर बायर्ली टर्क पाहावा. कॅप्टन बायर्लीचा हा घोडा १६९०मध्ये आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत होता, आणि आज जगभरच्या शर्यतींत धावणाऱ्या थरोब्रेड जातीच्या तीन मूळ पुरुषांपैकी तो एक आहे. ब्युसेफॅलसच्या बाबतीत असा एकही पुरावा नाही.

त्याने मागे ठेवली ती रीत. लढाईतल्या जनावराचं नाव इतिहासात लिहायचं, त्याचं चित्र काढायचं, त्याला मानाने पुरायचं. पॉम्पेईत १८३१मध्ये सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या भव्य मोझेइकमध्ये पर्शियाच्या दारायसवर चालून जाणारा सिकंदर घोड्यावर आहे. गंमत म्हणजे तिथे घोडा काळा नसून तांबूस आहे. ज्युलियस सीझरने आपल्या घोड्याचा पुतळा देवळासमोर उभारला. सम्राट हेड्रियनने बोरिस्थेनिस या शिकारीच्या घोड्याची समाधी गॉलमध्ये बांधली. वॉटर्लूला वेलिंग्टन ज्याच्यावर होता तो कोपनहेगन १८३६मध्ये लष्करी इतमामात पुरला गेला. आपल्याकडे हळदीघाटीच्या चेतकची छत्री आहे; पुण्यात बनलेल्या स्कूटरलाही त्याचंच नाव मिळालं. चेतक काही ब्युसेफॅलसची नक्कल नव्हे. स्वाराइतकंच घोड्यालाही नाव द्यावं, ही भावना इथे स्वतंत्रपणेच रुजलेली होती.

आधुनिक राजकारणानेही या घोड्याला सोडलं नाही. थेसालोनिकीच्या समुद्रकिनाऱ्यावर १९७४पासून सिकंदर ब्युसेफॅलसवर बसलेला आहे. २०११मध्ये आजच्या उत्तर मॅसिडोनियाची राजधानी असलेल्या स्कोपियेच्या चौकात त्याहून उंच अश्वारूढ योद्धा उभा राहिला, तेव्हा सिकंदर नेमका कुणाचा यावरून ग्रीस आणि त्याच्या शेजाऱ्यात आधीच पेटलेला वाद आणखी चिघळला.

तरी ब्युसेफॅलसचं खरं देणं पुतळ्यांत नाही. ते घोड्याला हाताळण्यात आहे. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तिथल्या सोहळ्यालाही चेतकचंच नाव आहे. घोडा घेणारे तिथे देवमण आणि इतर भोवरे बारकाईने तपासतात, चाल पाहतात, भाव करतात. यंदा तिथे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: घोडा बुजला की त्याचा मालक चाबूक उचलतो, की आधी तो कशाला बुजला हे शोधतो. सौदा दुसऱ्याशी करावा.