प्रस्तरारोहण शिकवताना हातात द्यायचं कार्ड कसं असावं?

सह्याद्रीत नवख्यांना दोरकाम शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, प्रात्यक्षिकाइतकाच विचार छापील कार्डाचाही करा. हार्नेसला दोर बांधायची आठाची गाठ उदाहरणादाखल घेऊ.

🔸 एका चित्रात एकच कृती दाखवा.

🔸 चित्र शिकणाऱ्याच्या नजरेतून काढा. समोरून काढलं की डावं-उजवं उलटतं आणि गोंधळ होतो.

🔸 दोराचं मोकळं टोक वेगळ्या रंगात दाखवा. ते कुठून कुठे जातं, हे लगेच कळतं.

🔸 तपासायची खूण द्या: पूर्ण गाठीत दोर सगळीकडे जोडीने समांतर दिसतो. उरलेलं टोक दोराच्या जाडीच्या निदान दहापट, म्हणजे १० मिमी दोराला १० सेंमी.

🔸 चुकीची गाठ दाखवलीत, तर तिच्यावर ठळक फुली हवीच.

🔸 शेवटी जोडीदाराने करायची तपासणी: हार्नेसचं बक्कल, गाठ, कॅराबिनरचं लॉक, बिले उपकरण.

छापण्याआधी कच्चं कार्ड एखाद्या नवख्याला द्या आणि काही न सांगता नुसतं बघा. तो जिथे अडेल, तिथलं चित्र बदला. मग लॅमिनेट करा. पावसाळ्यात साधा कागद टिकत नाही.

अनुभवी प्रशिक्षकाला पर्याय नाहीच. पण शिकवलेलं पक्कं करायला असं कार्ड फार मोलाचं आहे. तुमच्या गटात नक्की बनवा!