करवीरच्या राजधानीत एक दिवस

१ मार्च १९४९ रोजी करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण कोल्हापुरातल्या राजधानीच्या खुणा अजून ठळक आहेत. सुरुवात टाउन हॉल उद्यानातून करा. जुन्या झाडांच्या सावलीतली दगडी इमारत मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. तिच्यातल्या संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे. वीतभरही उंच नाही, म्हणून नजरेतून निसटते; थांबून पाहाच. सातवाहनकाळात इथला व्यापार थेट रोमपर्यंत पोहोचत होता, याचा हा धडधडीत पुरावा.

१८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडाही मँट यांचाच. तिथे शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. मग अंबाबाईचे दर्शन, भवानी मंडप, आणि शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेले खासबागचे कुस्ती मैदान.

खाण्याचे म्हणाल तर सकाळी झणझणीत कटाची मिसळ, सोबत पावाच्या स्लाइस. दुपारी मटणाचे ताट: तांबडा रस्सा आधी, पांढरा नंतर, दोन्ही गरम असतानाच प्यावेत. संध्याकाळी रंकाळा तलावावर फेरफटका आणि भेळ. रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचे ताजे, फेसाळ धारोष्ण दूध.