रबरी शिक्का आणि पर्यावरणाचा कायदा

एकपक्षीय राजवटीतलं कायदेमंडळ म्हणजे नुसता रबरी शिक्का, असं आपण सहज म्हणून टाकतो. जरा चीनकडे पाहू. १९९२ साली यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचा ठराव तिथल्या राष्ट्रीय लोककाँग्रेसपुढे आला. १७७ प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं, ६६४ तटस्थ राहिले. धरण झालंच, पण नाराजी नोंदली गेली.

पुढे २०१४ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा सुधारला. प्रदूषणाविरुद्ध जनहितार्थ कोर्टात कुणी जायचं, यावर ओढाताण होती. आधीच्या एका मसुद्यात हा हक्क सरकारशी बांधलेल्या एकाच महासंघाला होता. टीका झाली, मसुदे बदलले. शेवटी पाच वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत संस्थांनाही तो मिळाला.

एवढी मोकळीक का? कारण विषारी हवेची तक्रार म्हणजे थेट सत्तेला आव्हान नव्हे. शिवाय स्थानिक अधिकाऱ्यांवर लगाम केंद्रालाही हवाच असतो.

पण संस्थांची नोंदणी कुणाच्या हातात? सरकारच्याच! तेव्हा कायदा चांगला आहे का, एवढं विचारून आपण थांबू नये. तो वापरायला सरकारची परवानगी लागते का, हेही विचारावं. परवानगीवर चालतो तो हक्क नव्हे, ती सवलत.