नाक वाचवा, पाठ कापा

मिग-21 या एका नावाखाली बरीच वेगवेगळी विमाने उडून गेली. दुरून सगळी सारखीच दिसतात. तोच त्रिकोणी पंख, पुढच्या तोंडातून डोकावणारा तोच टोकदार शंकू. जवळ जाऊन पाहिले की फरक दिसू लागतात, आणि 1:32 मापाचे मॉडेल करायला घेतले की ते फरक झोपू देत नाहीत. या मापात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे 32 मिलिमीटर. छोट्या 1:72 मॉडेलवर जे खपून जाते ते इथे नजरेत सलते.

मला हवे होते मिग-21 एफएल, म्हणजे आपल्या हवाई दलाच्या भाषेत टाइप 77. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ही विमाने दोनशेहून अधिक बांधली. त्यांची इंजिने कोरापुटला तयार होत. या मापात एफ-13 आणि एमएफ या प्रकारांची चिनी किट मिळतात. एफएल या दोघांच्या मधले. त्यामुळे दोनपैकी एक किट घ्यायचे आणि कापून, भरून, घासून त्याचे एफएल करायचे. आम्ही मॉडेलवाले याला कन्व्हर्जन म्हणतो. लोकांना यातली करवत आणि पुट्टी दिसते. माझ्या मते खरे काम त्याआधीचे आहे, शोधाचे आणि आखणीचे. ते नीट झाले की कापाकापी ही फक्त अंमलबजावणी उरते.

पहिला प्रश्न, कोणते किट कापायचे? एफ-13 चा मोह आधी पडतो. त्याची पाठ, म्हणजे कॉकपिटमागून शेपटीकडे जाणारा उंचवटा, एफएलच्या पाठीशी बरीच जवळची, बारीक. कॉकपिटची काचही एफएलसारखी अखंड, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली. वैमानिक आसनासह बाहेर फेकला गेला तर ती काच त्याच्यासोबत जायची आणि वाऱ्याच्या झोतापासून त्याला आडोसा द्यायची. पण एफ-13 चे नाक निमुळते. हवा आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास 690 मिलिमीटर. पुढच्या प्रकारांत मोठा रडार बसवायचा म्हणून शंकू वाढला आणि तोंडही 870 मिलिमीटर झाले. मॉडेलवर हा फरक साडेपाच मिलिमीटरहून जास्त होतो. तो नुसता तोंडापाशी नसतो, तिथून मागे कॉकपिटपर्यंत सगळी गोलाई बदलत जाते. शिवाय मुख्य चाके लहान, उभी शेपटी अरुंद.

एमएफ घेतले तर नाक, शंकू, चाके आणि रुंद शेपटी आयती मिळतात. चुकीची असते ती पाठ, कारण एमएफची पाठ जाड आणि सरळ आहे. काच दोन भागांची, उजव्या कुशीवर उघडणारी. पोटात कायमची बसवलेली तोफ, ती एफएलला नाही. पंखांखाली शस्त्रे टांगायच्या चार खुंट्या, एफएलला दोनच. वेगमापक नळी नाकावर उजवीकडे सरकलेली, एफएलला ती बरोबर मध्यावर. यादी लांब वाटते, पण यातल्या बहुतेक गोष्टी काढून टाकायच्या किंवा सरकवायच्या आहेत. दोन्ही दिशांना गोल होत जाणारे नाक स्टायरीनच्या पत्र्यातून नव्याने उभारणे त्याहून कितीतरी कठीण. म्हणून माझा निकाल एमएफच्या बाजूने. नाक वाचवा, पाठ कापा.

मग येतात मापे. छापील आराखड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. फोटोकॉपीत रेखाटन एका दिशेने ताणले जाते, आणि मूळ रेखाटन करणाऱ्यानेही काही ठिकाणी अंदाज बांधलेला असतो. आराखडा 1:32 ला छापला की मी आधी पंखांची लांबी मोजतो. खऱ्या विमानाची 7.15 मीटर, म्हणजे कागदावर सुमारे 223 मिलिमीटर यायला हवी. ती जुळली की मुख्य चाक. त्याचा व्यास 800 मिलिमीटर, कागदावर बरोबर 25. हे चाक फोटोतही कामी येते. बाजूने, दुरून, लांब लेन्सने काढलेला फोटो असेल तर चाकाच्या व्यासावरून पाठीची उंची काढता येते. जवळून काढलेल्या फोटोवर हा हिशेब करू नये. त्यात कॅमेऱ्याजवळचा भाग फुगतो आणि लांबचा आक्रसतो.

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एफएल उभे आहे, बंगळूरच्या एचएएल संग्रहालयातही मिग-21 पाहायला मिळते. जमेल त्याने जाऊन पाहावेच. काचेच्या कडेची जाडी, पत्र्याच्या जोडांवरचे स्क्रू, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, हे कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. मात्र प्रदर्शनात मांडलेले विमान साक्षीदार म्हणून अर्धेच भरवशाचे असते. ते अनेकदा रंगवलेले असते. निवृत्तीनंतर त्याच्या खुंट्या, चाके, झाकणे कधी दुसऱ्या विमानाची लावलेली असतात. रचनेसाठी ते पाहावे, रंगासाठी आणि शस्त्रांसाठी जुने फोटो.

इथेच आखणीचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो. ‘एफएल’ करायचे एवढे ठरवून भागत नाही. एकच विमान आणि शक्यतो एकच तारीख ठरवावी लागते. ही विमाने सेवेत आली तेव्हा उघड्या धातूच्या झळाळीत होती. 1971 च्या युद्धाच्या वेळी त्यांच्यावर हिरव्या-तपकिरी छटा चढल्या, त्याही तळागणिक वेगळ्या. 14 डिसेंबर 1971 ला 28 स्क्वाड्रनच्या मिगनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर 57 मिलिमीटरची रॉकेटे डागली. ते विमान करायचे तर पंखांखाली सोळा-सोळा रॉकेटांचे दोन डबे हवेत. दोनच दिवस आधी, 12 तारखेला, जामनगरच्या 47 स्क्वाड्रनच्या एफएलने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-104 स्टारफायटर तोफेने पाडले. ते करायचे तर पोटाखाली तोफेचा वेगळा डबा लटकला पाहिजे. तो मधल्या खुंटीवर बसतो, म्हणून तिथली तेलाची जादा टाकी लावता येत नाही. तारीख बदलली की मॉडेल बदलते.

एवढे ठरल्यावर कापण्याचा क्रम कागदावर लिहायचा. पाठ कापली की धडाची ताकद जाते, दोन अर्ध्या बाजू आत झुकतात. म्हणून आधी आतून जाड स्टायरीनच्या आडव्या भिंती चिकटवायच्या आणि त्या पूर्ण सुकल्यावरच करवत लावायची. नवी पाठ त्या भिंतींच्याच आधाराने उभी राहते. नवी काच गरम प्लॅस्टिकच्या पत्र्यातून ओढण्यासाठी लाकडाचा साचा हवा, तोही प्लॅस्टिकच्या जाडीइतका लहान, नाहीतर काच धडावर मोठी होते. साच्यावर पॉलिशपेपरचा एकही ओरखडा राहता कामा नये. गरम पारदर्शक पत्रा तो ओरखडा इमानाने उचलतो. पुट्टीचे वजन मुख्य चाकांच्या मागे वाढत जाते, तेव्हा शंकूच्या आत शिसे भरण्याची जागा सुरुवातीलाच राखून ठेवायची. पुढे नाक बंद झाले की ती संधी मिळत नाही आणि मॉडेल शेपटीवर बसते.

यातली सगळ्यात कठीण गोष्ट हाताची नाही, पुराव्याची आहे. एका ठरावीक विमानाचा, दोन्ही बाजूंनी काढलेला, तारीख माहीत असलेला फोटो फार क्वचित हाती लागतो. डाव्या बाजूचा मिळतो, उजवी बाजू अंदाजाने रंगवावी लागते. मला ते पटत नाही. उजव्या बाजूचा फोटो मिळेपर्यंत थांबणे मला अधिक प्रामाणिक वाटते, मग किट कपाटात कितीही काळ राहो.

एफएल डिसेंबर 2013 मध्ये कलाईकुंड्याला निवृत्त झाले, आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडमध्ये मिग-21 ची उरलेली विमानेही सेवेतून गेली. ती बांधणारे, दुरुस्त करणारे, उडवणारे अनेक लोक नाशिक-पुण्यात राहतात. तुमच्या घरात अशा कुणाचे जुने आल्बम असतील तर प्रत्येक फोटोच्या मागे ठिकाण, वर्ष आणि विमानाचा क्रमांक पेन्सिलने लिहून घ्या. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.